पवनचक्क्यांच्या शिवारात फोमचे जेट

ज्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत, त्या डोंगरावर रिमोटवर चालणारे फोमचे छोटे विमान उडवायला जाऊ नये, हे खरे तर कोणी सांगावे लागू नये. पण बीड शहराच्या आसपास मोकळी, झाडे नसलेली आणि विजेच्या तारांपासून लांब असलेली अशी एकच जागा माझ्या हाताशी आहे. ती बालाघाटच्या पठारावर, नेकनूरच्या पुढे, मावसभावाच्या पडीक माळावर आहे, आणि तिथून क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग दिसते. त्यांची पाती थांबलेली असतील त्याच दिवशी उडवायचे, असा नियम मी पहिल्या वर्षी घालून घेतला होता. त्या नियमामुळे वर्षभरात जेमतेम पंधरा-वीस उड्डाणे झाली. जूनपासून ऑगस्ट संपेपर्यंत पश्चिमेचा वारा लागून राहतो, आणि उन्हाळ्यात दुपारी वावटळी उठतात. राहिली हिवाळ्यातली सकाळ, आणि तेव्हा आमचे कॉलेज असते. शेवटी वाऱ्याची वाट पाहण्यापेक्षा वाऱ्यात टिकेल असे विमान करून घ्यावे, असे मी ठरवले. त्यात दोन आषाढ गेले, तीन वेळा नाक तुटले आणि बहुतेक दुरुस्त्या मी उलट्या क्रमाने केल्या.

विमान ‘हॉक’ या वायुदलाच्या प्रशिक्षण जेटच्या आकाराचे आहे, आणि हा आकार निवडण्यामागे निव्वळ भावनिक कारण आहे. माझे लहानपण उदगीरला गेले. बीदरचा हवाई तळ तिथून फार लांब नाही, त्यामुळे शिकाऊ वैमानिकांच्या विमानांचा आवाज आम्हाला एसटीच्या आवाजाइतकाच ओळखीचा होता. वायुदलाचे हवाई कसरतींचे सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये बीदरलाच स्थापन झाले आणि २००८ मध्ये वायुदलात ‘हॉक’ दाखल झाले तेही बीदरलाच. माझे ‘हॉक’ ईपीओ नावाच्या चिवट फोमचे आहे. पंखांचा विस्तार ९० सेंटिमीटर, पंखांचे क्षेत्रफळ साधारण १५ चौरस डेसिमीटर आणि बॅटरीसह वजन ११५० ग्रॅम. पोटात ७० मिलिमीटर व्यासाचा ईडीएफ आहे, म्हणजे नळीत बसवलेला, मोटरवर फिरणारा पंखा. ४ सेलची २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण जोरात असताना, ५५ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह देते. या हिशोबाने ती अडीच मिनिटेही पुरत नाही. थ्रॉटल कमी-जास्त करत उडवले आणि बॅटरीत थोडा साठा राखला, तर साडेतीन मिनिटे मिळतात. ट्रान्समीटरवर मी तीन मिनिटांचा गजर लावला आहे, कारण वाऱ्यात एखादे लँडिंग सोडून पुन्हा फेरी मारायची वेळ हमखास येते.

या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख भार पेलत नाहीत तो वेग, माझ्या हिशोबाने ताशी ४५ किलोमीटरच्या जवळपास येतो. आमच्या पठाराची उंची सहाशे-सातशे मीटर आहे. तिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला, की हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा चौदा-पंधरा टक्के विरळ होते. त्यामुळे पंख्याचा जोर घटतो आणि स्टॉलचा वेग सात-आठ टक्क्यांनी वाढतो. विमानाच्या डब्यावरची माहिती ज्या कोणी लिहिली असेल त्याने बीडचा मे महिना पाहिलेला नसणार.

पहिला मोठा अपघात वारा पाठीशी घेऊन वळताना झाला, आणि त्याचे खापर मी कितीतरी दिवस वाऱ्यावर फोडत होतो. विमान वाऱ्याच्या दिशेने माझ्यासमोरून जाताना फार जोरात पळते आहे असे वाटले, म्हणून थ्रॉटल कमी केले. तरीही ते पळतच होते, म्हणून आणखी कमी केले, आणि तसेच वळायला लावून एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, ओढला. डावा पंख खाली गेला, विमानाने अर्धी गिरकी घेतली आणि नाक मुरमात रुतले. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सापेक्ष वेगाची नदी आणि नावेची उदाहरणे मी फळ्यावर किती वेळा सोडवली असतील याची गणती नाही. पण हातात ट्रान्समीटर आला की डोळे जमिनीकडे पाहून वेग ठरवतात. विमान हवेच्या मानाने ताशी ६० किलोमीटर वेगाने उडत असेल आणि वारा २५ चा असेल, तर वाऱ्यासमोर ते जमिनीवरून ३५ ने सरकते आणि वारा पाठीशी असताना ८५ ने धावते. पंखांना मात्र दोन्ही वेळा ६० च मिळत असतात. ८५ चे रूप पाहून मी थ्रॉटल ओढले, तेव्हा जमिनीवर विमान सत्तरने पळताना दिसत होते आणि पंखांखाली फक्त ४५ उरले होते.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. वारा पाठीशी घेऊन उतरलो, तर वाऱ्यासमोर उतरण्याच्या तुलनेत जमिनीवर आदळणारी ऊर्जा जवळजवळ सहापट असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमच्याकडे शेळ्या घेऊन येणारे एक आजोबा आहेत. ते या सगळ्या उद्योगाकडे काठीवर हनुवटी टेकवून पाहत असतात. तिसऱ्यांदा नाक तुटले त्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारले, “सर, तुमचं इमान उतरायलंय का पडायलंय, ह्ये कसं वळकायचं?” मला उत्तर सुचले नाही.

अपघातानंतर माझा पहिला निष्कर्ष असा होता की विमानात ताकद कमी आहे. बहुतेक हौशी लोकांचा पहिला निष्कर्ष हाच असतो, आणि विकणाऱ्यांनाही तो सोयीचा असतो. मी ३३०० एमएएचची बॅटरी घेतली, म्हणजे नाकात शंभर-सव्वाशे ग्रॅम वाढले. वाऱ्यात जड विमान कमी उसळते हे खरे आहे. झुळकेने त्याला द्यायचा धक्का तेवढाच असतो आणि हलवायचे वजन जास्त असते. पण त्याच वजनामुळे स्टॉलचा वेगही वाढतो, आणि नाक जड झाल्यामुळे उतरताना ते उचलून धरायला एलेव्हेटर पुरत नाही. पुढे प्रोपेलर असलेल्या विमानात त्याचा झोत शेपटीवरून जातो, त्यामुळे वेग कमी असतानाही एलेव्हेटर थोडेफार काम करतो. ईडीएफचा झोत नळीतून थेट मागे निघून जातो, त्याचा शेपटीला काही उपयोग नसतो. आकाशात विमान देखणे उडू लागले आणि जमिनीवर प्रत्येक वेळी दगड टाकावा तसे येऊ लागले. ती बॅटरी आता घरातल्या वायफाय राउटरला वीज पुरवते.

दुसरा खर्च गायरोचा. हे आगपेटीएवढे यंत्र विमान डोलले की ते स्वतःहून जाणते आणि आपल्या हाताची वाट न पाहता सर्व्होला, म्हणजे झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरला, उलट हुकूम देते. बसवल्यावर त्याची दिशा तपासावीच लागते: उजवा पंख हाताने उचलला, की उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, वर गेला पाहिजे, खाली गेला, तर ते विमान पहिल्याच झुळकेला उलटणार. माझी दिशा बरोबर होती. पण विमान वेगात आले की पंख थरथरू लागत, आणि गायरोची तीव्रता निम्म्यावर आणली तरी ती थरथर पूर्ण जात नसे. एका फेरीत तर माशी घोंगावावी तसा आवाज आला, आणि घाबरून मी लगेच उतरलो.

त्या रात्री विमान स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले, ट्रान्समीटर सुरू केला आणि उजव्या एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून वर-खाली हलवून पाहिली. सर्व्हो जागेवर घट्ट उभा होता आणि कड मात्र टक्-टक् करत हलत होती. पट्टी लावून मोजले, तर अडीच मिलिमीटर. एलेरॉनची रुंदी तीन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच अंशांचा ढिलेपणा. उडताना मी एलेरॉन जास्तीत जास्त दहा मिलिमीटर हलवतो, त्यातले अडीच माझ्या ताब्यातच नव्हते. शांत हवेत हा ढिलेपणा कळत नाही, कारण हवेचा दाब कड एकाच बाजूला टेकवून ठेवतो. वाऱ्यात तो दाब क्षणाक्षणाला बाजू बदलतो आणि कड मधल्या मोकळ्या जागेत भरकटत राहते. बिचारा गायरो विमान सरळ करायला म्हणून सर्व्हो हलवत होता, निम्मी हालचाल त्या पोकळीत वाया जात होती, मग तो आणखी जोर लावत होता आणि मग ती थरथर. माळावर मी ज्याला वारा म्हणत होतो त्यातला मोठा भाग त्या ओट्यावर, पंखा बंद असलेल्या खोलीत, माझ्या बोटांत सापडला.

कारण अगदी क्षुल्लक होते. पुशरॉडची, म्हणजे सर्व्होला झडपेशी जोडणारी, तार १.२ मिलिमीटरची होती आणि ती जिथे अडकते त्या झडपेवरच्या हॉर्नचे भोक जवळजवळ दोन मिलिमीटरचे. भोकात पातळ सुपरग्लूचा थेंब सोडून ते बुजवले, सुकल्यावर पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे बोटांनी फिरवायच्या मुठीत, बारीक ड्रिल धरून हाताने नव्याने पाडले आणि तार घट्ट बसेल, पण अडणार नाही, इतकेच मोठे केले. मग सर्व्होच्या आर्मवर तार आतल्या भोकात आणि हॉर्नवर बाहेरच्या भोकात घेतली. यामुळे एलेरॉन थोडा कमी हलतो, पण सर्व्होची पकड वाढते आणि उरलेला ढिलेपणाही कडेपर्यंत पोहोचेतो लहान होतो. एलेव्हेटरची तार लांब असल्याने दाब आला की मध्येच वाकत होती, तिला दोन ठिकाणी प्लास्टिकच्या नळीचा आधार दिला. डाव्या एलेरॉनचा सर्व्हो तर जागेवरच हलत होता, कारण मी तो ग्लू गनने चिकटवला होता आणि तो गोंद एप्रिलच्या उन्हात चिंगमसारखा मऊ झाला होता. आता सर्व्होसाठी मी इपॉक्सीच वापरतो. ईपीओ फोमला सुपरग्लू चालतो हेही इथेच नमूद करतो. साध्या थर्माकोलवर त्याचा थेंब पडला, तर तिथे खड्डा होतो. दोन रात्री आणि पन्नास रुपयांच्या आत हे सगळे झाले. ढिलेपणा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला आणि गायरो मूळ तीव्रतेवर ठेवूनही थरथर बंद झाली.

मग पंखांकडे वळलो. फोमचा पंख झुळकेखाली वाकतो, आणि वाकताना पिळवटतोही; पिळवटला की एलेरॉनने मागितलेले वळण त्यातच जिरून जाते. आधी मी बुरुडाकडून बांबूची कामटी तासून आणली आणि पंखाच्या खालच्या बाजूला पट्टी धरून ब्लेडने खाच पाडून तीत बसवली. काम उत्तम झाले, पण कामटी एका टोकाला जाड होती, त्यामुळे एक पंख सात ग्रॅमने जड झाला आणि विमान त्या बाजूला झुकू लागले. पुढच्या वेळी ६ मिलिमीटरची कार्बनची नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड घातली आणि वरून काचधाग्याची चिकटपट्टी ओढून लावली. कार्बन रेडिओलहरी अडवतो, म्हणून रिसीव्हरच्या अँटेना नळीपासून लांब, एकमेकींशी काटकोनात वळवून ठेवाव्या लागल्या. उतरण्याची चाके काढून टाकली. मुरमाड माळावर ती तशीही शोभेचीच होती, आणि त्यांच्याबरोबर १२० ग्रॅम कमी झाले. पोटाखाली ऑफिसच्या फाईलचे जाड प्लास्टिक चिकटवले, ते दर दोन महिन्यांनी बदलतो. गुरुत्वमध्य सांगितलेल्या जागेपेक्षा फक्त चार मिलिमीटर पुढे घेतला. त्याहून पुढे नेण्याचा मोह होतो, पण त्याचा हिशोब लँडिंगच्या वेळी चुकता करावा लागतो.

विमान सुधारले तरी उतरण्याची अडचण राहिलीच, आणि तिचा उलगडा एका स्वस्त वारामापकामुळे झाला. छातीच्या उंचीवर तो ताशी १८ किलोमीटर दाखवत होता, पण वीसेक मीटर उंचीवर विमान २५ च्या वाऱ्यात असल्यासारखे वागत होते. जमिनीशी घर्षण होत असल्याने वारा खाली मंदावतो. मोकळ्या माळरानासाठीच्या नेहमीच्या सूत्रानेही १८ चे २५-२६ च्या आसपास होतात. पवनचक्क्या एवढ्या उंच खांबांवर का चढवतात याचे कारणही हेच. आता उतरणाऱ्या विमानाच्या बाजूने पाहा: वर २५ चा समोरचा वारा अंगावर घेत ते ६० ने येत आहे, आणि खाली येता येता समोरचा वारा सातने कमी होतो. विमानाला जमिनीच्या मानाने वेग वाढवायला वेळ मिळत नाही, म्हणून पंखांवरचा वेग ५३ वर घसरतो. त्यातच एखादी झुळूक पडली की ४५. मी इतके दिवस थ्रॉटल पूर्ण बंद करून, तरंगत उतरायला पाहत होतो. वाऱ्यात ते चालत नाही. शिवाय ईडीएफ बंद अवस्थेतून पूर्ण जोर घ्यायला सेकंदभर तरी लावतो, आणि त्या सेकंदात सगळे होऊन गेलेले असते. आता थ्रॉटल एक तृतीयांशावर ठेवूनच येतो आणि पोट जमिनीपासून वीतभर वर असताना ते बंद करतो.

झुळुकांना एक ताल असतो, हे मला आईकडून कळले. ती लहानपणी खळ्यावर ज्वारी उफणायला उभी राहत असे. सूप हातात धरून थांबायचे, वारा भरून आला की धार सोडायची, तो पडू लागला की आधीच हात आवरायचा. पडलेल्या वाऱ्यात धार सोडली, तर भुसा दाण्यांतच पडतो. लांबच्या गवतावरून वाऱ्याची लाट येताना दिसते, असे ती म्हणते, आणि ते माळावर अगदी तंतोतंत दिसते. मी एका कामटीला रंगीत चिंधी बांधून ती शंभर पावलांवर वाऱ्याच्या बाजूला रोवतो. चिंधी खाली पडली की दहा-बारा सेकंदांनी माझ्याकडचा वारा पडतो. तेवढ्या वेळात उतरायचे की आणखी एक फेरी मारायची हे ठरवता येते. शेतातल्या आखाड्यावरच्या कडुलिंबाच्या आणि कडब्याच्या गंजीच्या मागे मात्र हा ताल राहत नाही. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा घुसळलेला असतो, म्हणून त्या बाजूला मी खाली येतच नाही.

उड्डाणाला वारा उलट मदतच करतो. समोरून वीसचा वारा असेल, तर पंखांना लागणाऱ्या वेगाचा निम्म्याच्या जवळ जाणारा भाग फुकट मिळालेला असतो. भाचा विमान डोक्यावर सपाट धरून चार पावले पळतो आणि भाला फेकावा तसे नव्हे, तर पुढे ढकलावे तसे सोडतो. नाक वर करून फेकले, की संपले.

आकाशात बाकी कोणाला त्रास नको याची काळजी वेगळी घ्यावी लागते. ड्रोन नियम, २०२१ आल्यापासून मी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून हिरवा, म्हणजे वेगळी परवानगी न लागणारा, भाग असल्याची खात्री करतो. तिथे मर्यादा ४०० फुटांची आहे. मी दोनशेच्या वर क्वचितच जातो, कारण वाऱ्यात एवढेसे विमान कोणत्या अंगाने उडते आहे हेच त्याहून वर दिसेनासे होते. ते नजरेआड जाऊ देत नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वर वारा गेला आणि लिंबाच्या मोठ्या फांद्या डोलू लागल्या, की विमान गाडीबाहेरच काढत नाही. बॅटऱ्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत ठेवतो. बंद गाडीत राहिलेली एक लायपो मी पुरणपोळीसारखी फुगलेली पाहिली आहे.

यंदा आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वारामापक २२ दाखवत होता. ढग होते, पाऊस नव्हता. सहा बॅटऱ्या उडवल्या. शेवटच्या लँडिंगला वर वारा बराच भरून आला असावा. विमान जमिनीवरून इतक्या हळू सरकत होते की भाचा त्याच्या बाजूने, थोडा खाली वाकून, पळत येऊ शकला. ते पोटावर टेकले, हातभर घसरले आणि थांबले. पंख्याच्या तोंडातून मूठभर मुरूम निघाला. आजोबांनी शेळ्यांना हाक दिली आणि जाता जाता म्हणाले, “ह्ये मात्र उतरलं.” घरी येऊन पाहिले, तर एलेव्हेटरच्या डाव्या बाजूची फोमची बिजागरी अर्ध्याहून अधिक चिरली होती. ती कधी चिरली, पाचव्या उड्डाणात की सहाव्या, ते मला सांगता येत नाही. सध्या विमान त्याच ओट्यावर आहे आणि बिजागरीवरचे इपॉक्सी वाळते आहे.